काखेत पिल्लू, गावाला वळसा

ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हात मधोमध एक ढाल आहे. तिच्या एका अंगाला कांगारू, दुसऱ्या अंगाला इमू. १९०८ सालापासून हे दोघे ती ढाल धरून समोरासमोर ताटकळत उभे आहेत. समजा, ती ढाल कुणीतरी काढून घेतली आणि दोघांचा मिळून एकच प्राणी केला, तर? पोटाला पिशवी, तोंडाला चोच, हातांच्या जागी पंख. टुणटुण उड्या मारत निघालेला, आणि मनात आलं की तसाच हवेत उठणारा. त्याला आपल्यापुरतं 'कांगमू' म्हणू.

असे जोडप्राणी आपल्याला नवे नाहीत. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला दिसतो, कुठे दोन तोंडांचा गंडभेरुंड पंजांत हत्ती धरून बसलेला असतो. त्यांच्या शरीरशास्त्राची चौकशी कुणी करत नाही, करूही नये. कांगमूची मात्र करू या, कारण तो का होऊ शकत नाही हे शोधता शोधता कांगारूही कळतो आणि पक्षीही. शिवाय या वाटेवर एकदोन खरेखुरे प्राणी असे भेटतात की कांगमू त्यांच्यापुढे अगदीच बेताचा वाटावा.

आधी सरळ प्रश्न. कांगारू आणि इमू यांचा संकर होईल का? (दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे इमूपालनाचं जे खूळ आलं होतं, त्यात हात पोळलेल्यांनी हा परिच्छेद जोडधंद्याच्या आशेने वाचू नये.) उत्तर: नाही. पण का नाही, यात गंमत आहे.

घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराला मिळतात ६३. गुणसूत्रं म्हणजे शरीर घडवण्याच्या सूचनांची बाडं. अर्धी आईकडून येतात, अर्धी बापाकडून, आणि पुढची पिढी तयार करताना त्यांच्या जोड्या लागाव्या लागतात. ६३ च्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर ओझी वाहतं पण सहसा वंश वाढवत नाही. इतक्या जवळच्या भाऊबंदांची ही स्थिती. लाल कांगारूची गुणसूत्रं २०, इमूची ८०. एक बाड दुसऱ्याशी जुळवायचं म्हणजे अडीच-तीनशे पानांची चोपडी कीर्तनकाराच्या पदसंग्रहाला ओळीला ओळ लावून वाचण्यासारखं.

तरी निव्वळ आकड्यांनी घाबरायला नको. खरी दरी काळाची आहे. ज्या पूर्वजापासून एकीकडे सगळे सस्तन प्राणी आणि दुसरीकडे सरपटणारे प्राणी व पक्षी निघाले, तो सुमारे ३१-३२ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. तेव्हा डायनासोरही जन्मले नव्हते. २०२० साली हंगेरीतल्या संशोधकांनी एक अजब प्रकार जाहीर केला होता. रशियन स्टर्जन माशाच्या अंड्यांवर ते वेगळाच प्रयोग करत होते, त्यासाठी अमेरिकन पॅडलफिशचं वीर्य वापरलं, आणि कुणाच्याही अपेक्षेविना शेकडो संकरित पिल्लं बाहेर पडली. या दोन माशांचा समान पूर्वज १८ कोटी वर्षांपूर्वीचा. एवढी लांब उडी पाहून सगळेच चाट पडले. पण हे मासे फार संथ बदलणारे, त्यांचं फलन पाण्यात शरीराबाहेर होतं, आणि पिल्लाला आईच्या पोटात राहायचं नसतं. कांगमूला यातली एकही सवलत नाही.

त्यात लिंग ठरवण्याची रीतही उलटी. कांगारूत आपल्यासारखंच आहे: दोन एक्स म्हणजे मादी, एक्स आणि वाय म्हणजे नर. पक्ष्यांत दोन सारखी गुणसूत्रं नराकडे असतात, त्यांना झेड म्हणतात. मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आणखी एक भानगड अशी, की सस्तन प्राण्यांत काही जनुकांवर 'हे आईकडून आलेलं', 'हे बापाकडून आलेलं' अशी रासायनिक मोहोर उठवलेली असते आणि त्याप्रमाणे एकच प्रत कामाला लागते. कांगारूत ही मोहोर आहे. पक्ष्यांत ही पद्धत आढळत नाही. म्हणजे समजा अंडं फळलंच, तरी त्यातल्या निम्म्या सूचना मोहोर शोधत बसणार आणि उरलेल्या निम्म्यांना मोहोर म्हणजे काय हेच ठाऊक नसणार.

प्रयोगशाळेतल्या बशीत मात्र चमत्कार होतात. १९६५ साली ऑक्सफर्डमध्ये हेन्री हॅरिस आणि जॉन वॉटकिन्स यांनी माणसाच्या आणि उंदराच्या पेशी एका विषाणूच्या मदतीने एकमेकींत विरघळवल्या. पुढे हॅरिस यांनी कोंबडीच्या तांबड्या पेशीचं झोपी गेलेलं केंद्रक माणसाच्या पेशीत घालून जागंही केलं. पण पेशी जगणं वेगळं आणि प्राणी घडणं वेगळं. भाताची शितं आणि बेसन एका वाटीत कालवता येतं, म्हणून त्याची जिलबी होत नाही.

बरं, लग्नाचा नाद सोडू. आपणच निसर्ग आहोत असं समजून, कोट्यवधी वर्षं हाताशी घेऊन, कांगमू हळूहळू घडवू. मग काय अडेल? मला स्वतःला या कोड्यातला हा भाग सर्वांत आवडतो, कारण इथे अडचण अगदी अनपेक्षित ठिकाणी निघते. पिशवीचं आणि पंखाचं भांडण आहे, आणि ते भांडण आहे हातावरून.

त्यासाठी कांगारूचा जन्म बघावा लागतो. लाल कांगारूच्या मादीला दिवस जातात ते जेमतेम ३३. तेवढ्या काळात जे तयार होतं ते घेवड्याच्या दाण्याएवढं, गुलाबी, आंधळं, जेमतेम एक ग्रॅम वजनाचं. मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढे ज्या पायांवर हा प्राणी एका झेपेत कित्येक मीटर जाणार आहे, त्यांचा तेव्हा पत्ताच नसतो. पण हात? हात तयार असतात. बोटं असतात, बोटांना नख्या असतात. तो दाणा आईच्या पोटावरचे केस धरधरून, एक हात टाकत, दुसरा टाकत, स्वतःच्या जिवावर वर चढतो. आई त्याला उचलत नाही, वाटेतले केस चाटण्यापलीकडे मदतही करत नाही. काही मिनिटांत तो पिशवीत पोचतो, एक स्तनाग्र तोंडात धरतो, ते तोंडात फुगून घट्ट बसतं, आणि मग महिनोन्महिने तो तिथला हलत नाही. डोकं बाहेर काढून जग बघतो तो सहा महिन्यांच्या सुमारास. आठव्या महिन्याच्या आसपास पिशवी कायमची सोडतो, तरी दूध पिण्यासाठी तोंड आत घालतोच. तेवढ्यात धाकटं भावंड आत आलेलं असतं, आणि आई एका स्तनातून तान्ह्याचं पातळ दूध आणि दुसऱ्यातून थोरल्याचं घट्ट दूध एकाच वेळी देत असते. दूधडेअरीवाल्यांनी हेवा करावा अशी ही सोय.

मराठीत या गटाला शिशुधान प्राणी म्हणतात आणि पिशवीला शिशुधानी. शब्द जड असला तरी नेमका आहे. मात्र पिशवी सगळ्यांना असतेच असं नाही. नंबॅट नावाच्या वाळवीखाऊला ती नाही, पिल्लं आईच्या पोटाला नुसती लोंबकळतात. वोंबॅटची पिशवी मागच्या बाजूला उघडते, नाहीतर बीळ खणताना लेकराच्या तोंडात माती. दक्षिण अमेरिकेतल्या यापॉकची मादी पाण्यात बुडी मारताना पिशवीचं तोंड स्नायूंनी आवळून घेते. म्हणजे पिशवी ही या कुळाची खरी खूण नाहीच. खरी खूण आहे ती अर्धवट जन्माची: लवकर बाहेर या, आणि हातांनी चढा.

आता पंख घ्या. पक्ष्याचा पंख म्हणजे हातच, पण पार बदललेला. बोटं कमी झाली, जी उरली ती एकमेकांत जुळली, मनगटाची हाडं सांधली गेली. कांगमूला मोठेपणी पंख हवे असतील, तर गर्भातच हाताला पंखाच्या वाटेला लागावं लागेल. आणि जन्मल्याबरोबर चढायला मात्र नख्यांचा हात हवा. एकाच अवयवाने पहिल्या मिनिटाला गिर्यारोहक व्हायचं आणि नंतर विमान, हे कसं जमावं?

जीवशास्त्रज्ञ हा मुद्दा फार गंभीरपणे घेतात. मायेच्या पोटात पुरती वाढ होऊन जन्मणाऱ्या सस्तनांत हाताचे काय काय प्रकार झाले बघा: वटवाघळाचा पंख, देवमाशाचं वल्हं, घोड्याचा खूर. शिशुधान प्राणी तीनशेहून जास्त जातींचे, तरी त्यांत एकही वटवाघूळ नाही, एकही देवमासा नाही. हवेत गेले ते फक्त तरंगणारे. शुगर ग्लायडर आणि त्याचे भाऊबंद हातापायांमधली कातडी ताणून झाडावरून झाडावर घसरतात, आणि असं तरंगणं त्यांच्यात तीन वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे आलं. तिन्ही वेळा हात हातच राहिला, बोटं बोटंच राहिली. अर्थात सगळ्यांना हे कारण पुरेसं वाटत नाही. डुकरासारख्या पायांचा बँडिकूट हा एक छोटा शिशुधान प्राणी ऑस्ट्रेलियात होता, विसाव्या शतकात तो नामशेष झाला. त्याच्या पुढच्या पायाला टेकायला दोनच बोटं उरली होती. म्हणजे बंधन वज्रलेप नसावं. पण पंखाइतकं लांब कुणी गेलं नाही, एवढं खरं.

पक्ष्याच्या बाजूनेही एक हट्ट आहे. साप-सरड्यांत अंडी सोडून थेट पिल्लं देण्याची युक्ती शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उगवली. आपला घोणस पिल्लंच देतो. पक्ष्यांच्या दहा हजारांवर जाती आहेत आणि त्यांतली एकही पिल्लू जन्माला घालत नाही. उडताना पोटाचं ओझं नको, हे कारण पटकन सुचतं, पण वटवाघळाची मादी गर्भ घेऊन मजेत उडते. जास्त पटणारं कारण कवचात आहे. कोंबडीच्या पिल्लाच्या हाडांतला बराचसा कॅल्शियम अंड्याच्या कवचातून येतो. कवच हा नुसता डबा नाही, तो शिधाही आहे. तो टाकून द्यायचा तर आईला रक्तातून तेवढं चुन्याचं सामान पुरवायची नवी व्यवस्था आधी उभारावी लागेल, आणि ती उभारेपर्यंत मधल्या पिढ्या कशा जगतील?

म्हणजे पक्षी अंडं सोडायला तयार नाही, कांगारू हात सोडायला तयार नाही. तडजोड होईल का? यासाठी एकाने तरी अर्धं पाऊल पुढे यावं, आणि ते कांगारूच्या पोटात आधीपासून पडलेलं आहे.

कांगारूच्या गर्भाभोवती पातळ कवच असतं. कडक नाही, पापुद्र्यासारखं. पण आहे अंड्याचंच. गर्भकाळाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग तो गर्भ या पापुद्र्याच्या आत काढतो, मग ते फाटतं आणि शेवटचे थोडे दिवस गर्भ आईला चिकटून पोषण घेतो. अंड्यातून बाहेर पडताना कवच फोडायला कोंबडीच्या पिल्लाच्या चोचीवर जो टणक उंचवटा असतो, त्याच्यासारख्या अवयवाचे पुसट अवशेष काही शिशुधानांच्या नवजातांत सापडले आहेत. १९४९ साली त्यावर सविस्तर लिहिलं गेलं. फोडायला कवच नाही, तरी हातोडीची खूण शिल्लक. बलक बनवणारी जनुकं कोंबडीत तीन आहेत. माणसात आणि कांगारूत त्यांचे मोडके तुकडे तेवढे उरलेत, जुन्या वाड्याच्या जोत्यासारखे. दूध हाती आलं आणि बलकाची गरज संपत गेली.

आता मधला प्राणी, म्हणजे दूधही आणि बलकही, असा कोणी उरला आहे का? उरला आहे, आणि त्याने युरोपातल्या विद्वानांना जवळजवळ नव्वद वर्षं पळवलं.

१७९९ साली लंडनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांच्यापुढे ऑस्ट्रेलियातून आलेलं एक वाळलेलं कातडं होतं. अंगावर पाणमांजरासारखी लव, चपटी शेपटी आणि तोंडाला बदकाची चोच. कुणीतरी चोच शिवून फसवलं असावं, ही शंका त्यांनी लिहूनच ठेवली आहे. यात त्यांचा दोष नाही. त्या काळी माकडाचं धड आणि माशाची शेपटी जोडून जलपरी म्हणून खपवणारे कारागीर होतेच. तो होता प्लॅटिपस. न्यू साउथ वेल्सच्या मूळ रहिवाशांच्या एका कथेत त्याच्या जन्माची हकीकत आहे: एक बदक-मुलगी आणि एक पाणउंदीर यांची ही संतती. आपला कांगमू त्यांनी फार आधी कल्पिला होता म्हणायचा, आणि समोर दिसणाऱ्या जनावरावरून, हवेत नव्हे.

प्लॅटिपसची चोच मात्र बदकाची नव्हे. ती मऊ, कातडी आणि संवेदनांनी खच्चून भरलेली असते. गढूळ पाण्यात डोळे मिटून बुडी मारल्यावर शिकारीच्या स्नायूंतली सूक्ष्म वीज तिला कळते. बदकाशी साम्य ते फक्त आकाराचं.

पण तो अंडी घालतो का? विद्वानांचा वाद इथे अडला होता. स्थानिक लोक 'घालतो' म्हणत होते, पण त्यांचं ऐकतो कोण. १८८४ साली विल्यम कॉल्डवेल हा तरुण संशोधक क्वीन्सलँडमधल्या बर्नेट नदीकाठी तळ देऊन बसला. शोधाशोध केली ती अर्थात मूळ रहिवाशांनीच. त्याच्या हाती एक मादी लागली: एक अंडं घातलेलं, दुसरं वाटेवर. त्याने तार ठोकली, इंग्रजी शब्द चारच. पहिल्या दोनांत सांगितलं की प्लॅटिपसचा हा गट अंडज आहे. पुढच्या दोनांत त्याहून मोठी बातमी होती. फळलेलं अंडं सबंधच्या सबंध दुभंगत जात नाही, बलकाच्या गोळ्यावर एका कोपऱ्यात तेवढी विभागणी सुरू होते. थेट कोंबडीच्या अंड्यासारखी. मॉन्ट्रियलमध्ये भरलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या परिषदेत ही तार वाचली गेली.

योगायोग असा, की त्याच सुमारास ॲडलेडमध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म हाके यांच्या हातात एकिडना होता. अंगावर साळिंदरासारखे काटे, लांब नळीचं तोंड, मुंग्या-वाळवी हे अन्न. प्लॅटिपसचाच चुलतभाऊ. हाके यांनी मादीच्या पोटावरच्या पिशवीत बोटं घातली आणि आतून निघालं अंडं. ते इतके दचकले की त्यांनी ते चिमटीत दाबून फोडलं. असा शोध लागल्यावर हात थरथरणार नाहीत तो माणूस कसला.

पिशवीत अंडं. कांगमूच्या अगदी जवळ आपण इथे येतो. एकिडनाची मादी चामड्यासारख्या कवचाचं एकच अंडं थेट पिशवीत घालते. सुमारे दहा दिवसांत पिल्लू कवच फोडून बाहेर येतं, आणि या वेळी फोडायचा दात खरोखर कामाचा असतो. स्तनाग्र नाही. कातडीच्या एका डागातून दूध पाझरतं, ते पिल्लू चाटतं. काटे टोचू लागेपर्यंत, म्हणजे दीडेक महिना, ते पिशवीत राहतं. त्यानंतर आईला ते परवडत नाही, आणि कुणालाही परवडलं नसतं.

प्लॅटिपसच्या जनुकांची पहिली पूर्ण वाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात बलकाचं एक जनुक अजून चालू स्थितीत सापडलं: कोंबडीत तीन, इथे एक, आपल्यात शून्य. दुधाची जनुकंही होती. लिंग ठरवणारी गुणसूत्रं दोन नाहीत, दहा. आणि त्यांचं नातं आपल्या एक्सपेक्षा कोंबडीच्या झेडशी अधिक लागतं. एवढं वाचल्यावर प्लॅटिपस म्हणजे पक्षी आणि सस्तन यांचा संकर असं कुणालाही वाटेल, वर्तमानपत्रांनी तेव्हा तसे मथळेही दिले. पण आजोबांचा नाकाचा वाकडेपणा एका नातवात दिसला आणि चुलत घराण्यातल्या नातवातही दिसला, म्हणून दोघांचं मिळून तिसरं घर झालं असं होत नाही. प्लॅटिपस आणि एकिडना पूर्ण सस्तन आहेत. कांगारूचे ते चुलत, पक्ष्याचे फार फार लांबचे. जुन्या वाड्यातल्या काही वस्तू त्यांनी मोडीत काढल्या नाहीत, इतकंच.

आणि दोघांनाही पंख नाहीत. म्हणजे एकिडनाने अंडं आणि पिशवीचा मेळ घातला, तरी पंखाचं घोडं अडलेलंच. पिशवीत स्वतः चढणाऱ्या पिल्लाला हात हवा, हे बंधन मोडायचं तर एकच वाट उरते: पिल्लाने चढूच नये, कुणीतरी त्याला आत ठेवावं. ही वाट कांगारूंना सापडली नाही. ती एका पक्ष्याला सापडली.

मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या संथ, झाडांनी झाकलेल्या नद्यांमध्ये सनग्रीब नावाचा एक पाणपक्षी राहतो. नावात ग्रीब असलं तरी आपल्या तळ्यांवरच्या टिबुकलीचा तो सगा नाही. टिबुकली पिल्लांना पाठीवर बसवून फिरवते हे पक्षीनिरीक्षकांनी पाहिलेलं असेल. सनग्रीब पाणकोंबडी आणि क्रौंचांच्या गणातला. त्याची अंडी जेमतेम दहा-अकरा दिवसांत फुटतात, आणि आतून येतात ती उघडी, आंधळी, कशालाच न आलेली पिल्लं. याच्या गणात इतरांची पिल्लं सहसा लव घेऊन, डोळे उघडून, चालायच्या तयारीनेच बाहेर पडतात. म्हणजे इथे कांगारूचाच हिशेब आहे: लवकर जन्म, अर्धवट जीव, आणि म्हणून खिसा.

खिसा बापाला आहे. नराच्या दोन्ही पंखांखाली, काखेत, कातडीची एकेक घडी असते, आणि ती स्नायूंनी आवळता येते. एका काखेत एक पिल्लू, दुसऱ्या काखेत दुसरं. जर्मन निसर्गशोधक माक्सिमिलियान फॉन वीड यांनी एकोणिसाव्या शतकातच काखेतल्या पिल्लांची नोंद केली होती, पण ती बरीच वर्षं कुणी फारशी मनावर घेतली नाही. मेक्सिकोतल्या चियापासचे मिगेल आल्वारेस देल तोरो यांनी ते प्रत्यक्ष पाहिलं आणि १९७१ साली लिहिलं. घरट्याजवळ माणूस आल्याचं बघून नर उठला. तो पोहत गेला नाही, उडाला. दोन्ही बाजूंना, पंखांच्या खालून, एकेक इवलंसं डोकं बाहेर आलेलं होतं.